परत घेण्याची सोय

तिला सगळे वहिनी म्हणत. आधी धाकट्या दिराने म्हणायला सुरुवात केली, मग नणंदेने, मग शेजारपाजाऱ्यांनी. पोटची मुलगी बोलायला लागली तेव्हा घरात दिवसभर जो शब्द कानावर पडत होता तोच तिनेही उचलला. "अगं, आई म्हण, आई," असं नवऱ्याने चार दिवस शिकवून पाहिलं. पाचव्या दिवशी पोरीने त्यालाच "अहो" म्हणून हाक मारली, तेव्हा तो नाद सोडला. पुढे दिराने कंपनी काढली आणि तिथली कालपरवा मिसरूड फुटलेली पोरंही तिला वहिनीच म्हणू लागली. "मी सार्वजनिक वहिनी आहे," ती म्हणे. "बसथांब्यासारखी. कुणीही यावं आणि उभं राहावं."

कंपनी म्हणजे काचसामानाच्या दुकानावरच्या माडीवर तीन खोल्या. पहिल्या खोलीत दिराची केबिन, दुसरीत पोरं, आणि तिसरीत मोडकी लोखंडी कपाटं, पाण्याचा पिंप आणि वहिनीचं टेबल. पिंप तिथे असल्यामुळे दिवसभर कुणी ना कुणी पाणी प्यायला यायचं आणि आलंच आहे म्हणून काहीतरी विचारून जायचं. तिला त्याचं काही वाटत नसे. ज्या प्रोग्रॅमवर ती कंपनी उभी होती तो तिनेच लिहिला होता, तेव्हा विचारणार कुणाला?

दीर पूर्वी कापड कापायच्या यंत्रांची दलाली करायचा. शिलाईच्या कारखान्यात एक लांबच लांब टेबल असतं. त्यावर कापडाचे थरावर थर पसरतात, दोन गाद्यांइतकी जाडी होते. वरून प्लास्टिकचा पातळ कागद घालून खालून हवा ओढून घेतली की सगळे थर घट्ट बसतात, आणि मग वरच्या दांड्याला लावलेलं पातं त्यातून फिरतं. बाजूला काचेच्या केबिनमध्ये संगणकाच्या पडद्यासमोर बसलेलं माणूस पुढा, पाठ, बाही, कॉलर असे तुकडे जुळवतं आणि बटण दाबतं. यंत्रं चांगली होती, पण त्यांचा प्रोग्रॅम गचाळ. गिऱ्हाइकं दिराच्या डोक्यावर बसायची. वैतागून एक दिवस जेवताना तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही शिकला होता ना हे असलं?"

शिकली होती, आणि लग्नाआधी एका बऱ्या ऑफिसात नोकरीही करत होती. मुलगी झाली, पाठोपाठ सासूबाईंचं कंबरेचं दुखणं निघालं, आणि "काय, नोकरी कधीही करता येते" असं सगळ्यांचं मत पडल्यामुळे ती सुटली. दिराने विचारलं तेव्हा तिच्या हातात भाजीचा डाव होता. तो तिने तसाच भांड्यात ठेवला आणि म्हणाली, "काय हवंय नेमकं?"

जेवणाच्याच टेबलावर, दुपारची आवराआवर झाली की ती लॅपटॉप घेऊन बसायची. साधा माणूस असता तर त्याने सरळ लिहिलं असतं, की हे बटण दाबलं की पातं चालव. वहिनीने बटण आणि पातं यांच्यामध्ये हुकूम आणून बसवला. तिच्या प्रोग्रॅमात हुकूम हीच एक वस्तू होती, त्या धंद्याच्या भाषेत ऑब्जेक्ट. बटण दाबलं की एक हुकूम जन्माला येतो. काय कापायचं, कुठून कुठवर, कोणत्या वेगाने, सगळं पोटात बांधून घेऊन तो रांगेत जाऊन उभा राहतो. त्याची पाळी आली की यंत्र म्हणतं, चल बाबा, तुझं काम कर. बटणाला पात्याची ओळख नाही, पात्याला बटणाची नाही. पुस्तकात याला कमांड पॅटर्न म्हणतात. सोय अशी, की हुकूम वेगळा असल्यामुळे तो थांबवून ठेवता येतो, रांगेतून काढून घेता येतो, आणि केलेलं उलटं कसं फिरवायचं हेही त्याचं त्याला शिकवता येतं.

नव्या पोरांना हे समजावताना ती पुस्तक उघडत नसे. "आमच्या सासूबाई बघा," ती सांगायची. "त्या कधी कुणाला काम सांगत नाहीत. बसल्या जागेवरून नुसतं म्हणतात, 'चहाची वेळ झाली.' कुणी करायचा, कसा करायचा, दूध आहे का नाही, त्यांना काय त्याचं? हुकूम हवेत सोडला की त्यांचं काम झालं. आणि गंमत म्हणजे तो पोचतो. वीस वर्षं बरोब्बर एकाच पत्त्यावर पोचतोय." पोरं हसायची. त्यांना एका फटक्यात कळायचं.

तिच्या रचनेत प्रत्येक हुकमाला दोन गोष्टी यायलाच हव्या होत्या: काम करणं आणि ते परत घेणं. तुकडा सरकवायचा हुकूम असेल तर परत घेताना तो जागच्या जागी यावा, फिरवायचा असेल तर उलटा फिरावा. हे सगळं भराभर लिहून झालं आणि कापायच्या हुकमापाशी घोडं अडलं. दोन-तीन दुपारी ती नुसती पडद्याकडे बघत बसली.

"डोकं धरून काय बसलीस?" सासूबाईंनी पलंगावरून विचारलं.

"कापलेलं कापड परत कसं जोडायचं ते बघतेय."

"त्यात काय बघायचं? सुई-दोरा घे."

शेवटी तिने ठरवलं की जे होत नाही ते होत नाही म्हणून सांगायचं. कापायचा हुकूम रांगेतच उभा असेल तर तो काढून टाकायचा आणि पडद्यावर लिहायचं, 'परत घेतलं.' पातं फिरून गेलं असेल तर एक मोठा टूं असा आवाज काढायचा आणि लिहायचं, 'कापून झालं. परत घेता येत नाही.' त्या वाक्यावर ती खूश होती. ते घालताना तिला कुणाला विचारावं लागलं नव्हतं. घरात काय शिजणार हे सासूबाई ठरवत, मुलीने काय शिकावं हे नवरा, आणि कंपनीत कुणाला काय विकायचं हे दीर. पण तिने लिहिलेला प्रोग्रॅम कुणाशी खोटं बोलत नाही, एवढी एक गोष्ट तिची स्वतःची होती, आणि तिला ती पुष्कळ वाटायची. दिराच्या केबिनच्या दारावर मालक म्हणून पाटी लागली तेव्हाही तिने तोंड वाकडं केलं नाही. नणंद म्हणालीसुद्धा, "आयत्या बिळावर नागोबा झाला गं आमचा भाऊ." वहिनी हसली. म्हणाली, "बिळाला काय, कुणीही राहिलं तरी चालतं."

मग ते मोठं गिऱ्हाईक आलं.

एका शहराबाहेरच्या कारखान्याला एकदम सगळी टेबलं नवी घ्यायची होती. त्यांचा मॅनेजर आधी माडीवर येऊन बघून गेला. त्याला सगळं आवडलं. फक्त जाता जाता म्हणाला, "ते मधेच टूं करून नाही म्हणतं, ते बरं नाही दिसत. आमच्या मालकांना मशीनने नाही म्हटलेलं चालत नाही."

दीर पिंपाच्या खोलीत आला. पेला भरून घेतला, प्याला नाही.

"वहिनी, ते वाक्य काढा ना."

"कुठलं?"

"तेच. येत नाही, जमत नाही, आमच्याच्याने होत नाही. माल विकायचाय का रडायचंय? परतचं बटण दाबलं की परत घेतलं असं येऊ दे. कधीही दाबलं तरी."

"भाऊजी, कापड कापून झालेलं असतं तेव्हा."

"असू दे की! त्यांना कुठे खरंच परत हवंय? दिसायला हवंय."

"मग पडद्यावर तुकडे अख्खे दिसतील आणि खाली टेबलावर कापलेलं असेल. वर प्लास्टिक असतं, कापलेलं केबिनमधून कळतसुद्धा नाही. माणूस फसेल."

"माणूस एवढा खुळा नसतो, वहिनी. तुम्हालाच सगळे खुळे वाटतात."

"मी नाही करणार," वहिनी म्हणाली. तिला स्वतःलाच तिचा आवाज जरा मोठा वाटला. पलीकडच्या खोलीत पोरांचे कीबोर्ड थांबले होते.

दीर भरलेला पेला तसाच ठेवून निघून गेला. तो समंजस माणूस होता, ऑफिसात कधी आवाज चढवत नसे. त्याने हुकूम घरून पाठवला.

संध्याकाळी ती कणीक मळत होती तेव्हा सासूबाई भिंतीशी बोलल्या, "घरच्याच माणसाने पायात पाय घातला, तर बाहेरच्यांना काय नावं ठेवायची."

जेवताना नवरा म्हणाला, "काय ते दोन शब्दांचं चाललंय तुमचं?"

"दोन शब्दांचं नाहीये."

"मग किती शब्दांचं आहे? तो एवढा धावतोय, सगळ्या घरासाठी धावतोय. एकदा दाखवण्यापुरतं बदल, मग घाल तुझं परत. प्रोग्रॅमच आहे ना? दगडावर कोरलंय का?"

"तुम्हाला कळत नाहीये."

"मला नाहीच कळत. मला एवढंच कळतं की माझ्या भावाचं काम माझ्या बायकोने अडवलं." त्याने ताट सरकवलं. अर्ध्यावर. हे त्याचं हुकमी हत्यार होतं, आणि इतक्या वर्षांनंतरही ते तिच्यावर चालत असे याचा तिला राग यायचा.

मुलगी मान खाली घालून जेवत होती. ती कॉलेजात हेच शिकत होती. भांडी घासताना ती आईजवळ आली आणि हळूच म्हणाली, "वहिनी, तू बरोबर आहेस." एवढं बोलून खोलीत निघून गेली. घरातल्यांपैकी वहिनीच्या बाजूने कुणी काही बोललं असेल तर तेवढंच, आणि तेही नळाच्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी तिने बदल केला. आजवर लिहिलेल्यातलं सगळ्यात सोपं तेच निघालं. नाही म्हणणाऱ्या ओळी काढल्या, त्या जागी पडद्यावरचं चित्र आधीसारखं करायच्या दोन ओळी घातल्या, खाली 'परत घेतलं.' चहा निवायच्या आत झालं. "दाखवण्यापुरतं हं," ती दिराला म्हणाली. "अर्थात," तो म्हणाला, आणि प्रेमाने म्हणाला.

कारखान्याच्या मालकांनी स्वतः बटण दाबून पाहिलं. तुकडे टुणकन जागेवर आले. मालक लहान मुलासारखे हसले. सौदा झाला, माडीवर सगळ्यांना आइस्क्रीम आलं, आणि वहिनीच्या वाटचं वितळून गेलं कारण ती आतल्या खोलीत दुसऱ्या एका कारखान्याशी फोनवर होती.

"आता माझं परत घालू ना?" तिने आठवड्याने विचारलं.

"पुढच्या खेपेला घालू. आत्ता बसवाबसवी चाललीय."

महिन्याने परत विचारलं. "वहिनी, तुम्ही म्हणजे ना!" असं उत्तर आलं. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही.

यंत्रं बसल्यावर ती शिकवायला त्या कारखान्यात गेली. पहिल्या टेबलाच्या केबिनमध्ये जी बाई बसली होती तिने आधी पुष्कळ वर्षं हाताने कात्री चालवली होती. मनगट गेल्यावर तिला इथे बसवलं होतं. सगळे तिला कटिंगवाली म्हणत. जाड चष्मा, केसांना घट्ट अंबाडा, आणि जीभ धारदार. "कात्री हातातून सुटली, आता उंदीर हातात आला," माऊस दाखवत ती म्हणाली. तिला भराभर समजत होतं. सगळं एकदा करून दाखवल्यावर तिने 'परत' या बटणावर बोट ठेवलं.

"ताई, हे दाबलं की खरंच परत?"

"कापायच्या आधी दाबायचं," वहिनी म्हणाली.

"आणि नंतर दाबलं तर?"

मागे दीर उभा होता, मॅनेजरही होता. "कधीही दाबा, मावशी!" दीर हसून म्हणाला. "आमचं मशीन नाही म्हणत नाही."

वहिनीने ठरवलं, जेवायच्या सुट्टीत हिला बाजूला घेऊन सांगायचं. सुट्टीची घंटा झाली आणि तेवढ्यात घरून फोन आला. सासूबाई न्हाणीघरात घसरल्या होत्या, नवरा फोन उचलत नव्हता, मुलगी परीक्षेला बसली होती. वहिनी पर्स उचलून धावली. सासूबाईंना काहीएक झालं नव्हतं. घरी पोचली तेव्हा त्या पलंगावर बसून शेजारणीला आपण कशा पडलो ते दुसऱ्यांदा सांगत होत्या. मग घरचं, मग ऑफिसचं. कटिंगवालीला फोन करायचा हे तिच्या मनात दोन-चारदा आलं. पण फोनवर काय सांगणार? की मशीन खोटं बोलतं, आणि ते मीच बोलायला लावलंय? आज करू, उद्या करू करत ते राहिलं.

व्हायचं ते पट्ट्यापट्ट्यांच्या कापडावर झालं. भारी कापड होतं, मोठ्या ऑर्डरचं, पट्टे उभे यायला हवे होते. कटिंगवालीने बटण दाबलं आणि मग तिच्या लक्षात आलं की अर्धे तुकडे आडवे बसलेत. तिने 'परत' दाबलं. पडद्यावर तुकडे अख्खे झाले, 'परत घेतलं' असं आलं. तिने हुश्श केलं, तुकडे सरळ करून जुळवले आणि पुन्हा कापायला लावलं. पातं आधीच कापलेल्या थरांवरून दुसऱ्यांदा फिरलं. प्लास्टिक उचललं तेव्हा खाली नुसत्या चिंध्या होत्या.

मॅनेजरने तिला त्याच दिवशी घरी बसवलं. ती म्हणत होती, मशीनने परत घेतलं असं सांगितलं होतं. तो म्हणत होता, मशीन असं कसं सांगेल? शेवटी त्याने कंपनीला बोलावलं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या बाईंनाही आणा म्हणाला, एकदाचं समोरासमोर होऊन जाऊ दे.

जाताना गाडी दीर स्वतः चालवत होता.

"वहिनी, तिथे मी बोलेन. तुम्ही नुसत्या बसा."

"तिची नोकरी जातेय, भाऊजी."

"आणि आपली कंपनी गेली तर? पोरांच्या नोकऱ्या नाहीत?"

"मी खोटं नाही बोलणार."

"कोण म्हणतंय बोला? बोलूच नका म्हणतोय मी. एवढं तर जमतं ना तुम्हाला? इतकी वर्षं जमलंय." त्याने हे चेष्टेत म्हटलं होतं. आरशात बघून तो हसलासुद्धा.

कटिंगवाली मॅनेजरच्या खोलीत भिंतीला टेकून उभी होती. बाकीचे बसले होते. तिला कुणी बस म्हटलं नव्हतं. वहिनीला बघून तिने मान हलवली, ओळखीची, जरा आशेची.

"सांगा," मॅनेजर दिराला म्हणाला. "कापून झाल्यावर हे मशीन परत घेतलं म्हणून सांगतं का?"

"शक्यच नाही," दीर म्हणाला. "कापलेलं कापड कुठलं मशीन परत घेईल, साहेब? लहान पोरालासुद्धा कळतं."

"मी दाबलं होतं," कटिंगवाली म्हणाली. "माझ्या डोळ्यांनी वाचलं. ह्या ताईंना विचारा. त्यांनीच शिकवलंय."

मॅनेजर वहिनीकडे वळला. "बाई, तुम्ही लिहिलंय ना? तुम्ही सांगा."

खोलीत पंखा फिरत होता आणि कुठलासा कागद त्याच्या वाऱ्याने टेबलाच्या काचेवर तडतडत होता. वहिनीच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा आलं ते नवऱ्याचं अर्धवट सरकवलेलं ताट. मग ती म्हणाली, "येतं. परत घेतलं असं येतं. कापून झाल्यावरसुद्धा येतं. मीच तसं लिहिलंय."

कटिंगवालीने श्वास सोडला तो सगळ्यांना ऐकू आला.

मग दीर हसला. रागावला असता तर बरं झालं असतं. तो मायेने हसला. "साहेब, आमच्या वहिनींचं मन फार हळवं आहे. गरिबाचं वाईट झालेलं त्यांना बघवत नाही. आणि हल्ली जरा गोंधळही होतो त्यांचा, घरचं, दारचं, सासूबाईंचं आजारपण. बोलून काय होतंय? मशीन खाली आहे. दाबून बघू."

"बघू," वहिनी म्हणाली. तिला वाटलं, हा आपण होऊन विहिरीत उडी घेतोय.

सगळे खाली गेले. एक जुना कापडाचा तुकडा टेबलावर पसरला. कटिंगवालीला मॅनेजरने खुर्चीत बसू दिलं नाही, स्वतः बसला. एक चौकोन कापला. पातं थांबलं. त्याने 'परत' दाबलं.

मोठा टूं असा आवाज झाला. पडद्यावर आलं, 'कापून झालं. परत घेता येत नाही.'

वहिनीने ते वाक्य वाचलं. परत वाचलं. तिचंच होतं, शब्द न् शब्द, पूर्णविरामासकट.

"हे आज बदललंय," ती म्हणाली. "भाऊजी, हे आज सकाळी ऑफिसातून बदललंय. हे नव्हतं इथे. कुणाला करायला लावलंत?"

"वहिनी," दीर हळू आवाजात म्हणाला, "पुरे आता. चारचौघांत."

माडीवरच्या कुठल्यातरी पोराला त्याने सकाळी सांगितलं असणार, जुन्या ओळी परत घाल आणि इंटरनेटवरून सगळ्या मशीनवर पाठव. पोराने का म्हणून विचारलं नसणार. विचारायचं नसतंच, हुकूम पोचला की काम करायचं, हे वहिनीनेच शिकवलं होतं.

"ऑफिसला चला," ती मॅनेजरला म्हणाली. "कधी काय बदललं ते सगळं तिथे सापडतं. मी दाखवते तुम्हाला."

पण मॅनेजर उठून पँट झटकत होता. ही यंत्रं घ्या म्हणून मालकांच्या मागे लागणारा तोच होता. यंत्र खोटं ठरलं तर पहिला तोच खोटा ठरला असता. एका बाईची चूक निघाली तर सगळ्यांचंच निभावत होतं. "राहू द्या हो बाई," तो म्हणाला. "मशीनने सांगितलं ना? अजून कोण सांगायला हवं?"

कटिंगवाली वाद घालत बसली नाही. तिने केबिनमधून आपला राहिलेला डबा आणि घडी केलेला स्वेटर उचलला. वहिनी तिच्यामागे फाटकापर्यंत गेली.

"मी खरं तेच सांगितलं," वहिनी म्हणाली.

"ऐकलं ना मी."

"मी अजून प्रयत्न करते. मालकांना जाऊन भेटते."

कटिंगवाली थांबली. चष्मा काढून तिने पदराने पुसला. "ताई, मी त्या दिवशी तुम्हाला विचारलं होतं. नंतर दाबलं तर काय, म्हणून. आठवतंय?"

"हो."

"तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं."

वहिनीने मान डोलावली.

"तेव्हा सांगितलं असतंत ना, तर एका शब्दात काम झालं असतं. आज तुम्ही केवढं बोललात." तिने चष्मा घातला. "जाते. बस चुकेल." तिच्या आवाजात राग असता तरी वहिनीला चाललं असतं. पण भाजीवालीने नासकी भाजी बाजूला टाकावी तितक्या सहज ती बोलली आणि गेली.

मालकांना भेटायला वहिनी खरंच गेली, दुसऱ्या दिवशी सकाळी, बस बदलत. मालक परगावी गेले होते. निरोप ठेवला, त्याचं उत्तर आलं नाही; बहुधा तो मॅनेजरच्याच हाती पडला.

निरोप ठेवून आली त्याच रात्री दीर जेवायला आला होता. आईला भेटायला म्हणून. जणू काही झालंच नव्हतं असा तो खात होता, आणि मधेच म्हणाला, "दादा, एक मात्र मानलं हं. वहिनींचं जे मूळ होतं ना, तेच बरोबर होतं. आता सगळ्या मशीनवर तेच ठेवलंय. कायमचं."

"बघ," नवरा म्हणाला. "मी म्हणत नव्हतो, दाखवण्यापुरतंच बदल म्हणून?" त्याने समाधानाने आमटी वाढून घेतली. आज ताट सरकलं नाही.

"झालं ना एकदाचं तुझ्या मनासारखं?" सासूबाई म्हणाल्या. या खेपेला त्या भिंतीशी बोलल्या नाहीत, सरळ सुनेकडे बघून बोलल्या. "मग आता तोंड का असं?"

"मी उद्यापासून ऑफिसला येणार नाही, भाऊजी," वहिनी म्हणाली.

मुलीने वर पाहिलं. तिचा घास हातातच राहिला.

"दमलायत तुम्ही," दीर म्हणाला. "घ्या दोन दिवस सुट्टी."

"सुट्टी नाही. येणारच नाही."

"बरं, नका येऊ," तो म्हणाला, आणि भावाकडे बघून डोळे मिचकावले. नवरा म्हणाला, "चार दिवस घरी बसली की तिलाच कंटाळा येईल. पाणी वाढ गं."

ती दोन दिवस घरी राहिली. कपाटं आवरली, पडदे धुतले. तिसऱ्या दिवशी दुपारी दूरच्या एका कारखान्यातलं यंत्र मधेच बंद पडलं, अर्धं कापड कापून, आणि तिथल्या पोराने दिराला फोन न करता थेट तिलाच केला. "वहिनी, पातं आत अडकलंय. रांगेत अजून सगळं उभं आहे. मी काहीतरी दाबू का?"

"काही दाबू नकोस," ती म्हणाली. "हात लावू नकोस कशाला. मी येईपर्यंत तसाच उभा राहा."

तिने गॅस बंद केला आणि चपला पायात सरकवल्या. पलंगावरून सासूबाई म्हणाल्या, "कुणीतरी बाहेर निघालंय वाटतं. येताना माझ्या गोळ्या संपल्यात."

"आणते," वहिनी म्हणाली, आणि दार ओढून घेतलं.